नंदीचा दुसरा कान

आमच्या गावाबाहेर टेकडीवर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. पायऱ्या चढून वर गेलं की आधी नंदी लागतो, मग महादेव. आईची भिस्त महादेवापेक्षा नंदीवर जास्त. महादेव आपल्या समाधीत, त्याच्यापर्यंत गाऱ्हाणं पोचवायचं तर ते नंदीच्या मार्फत, असा तिचा हिशेब. ती नंदीपाशी बसायची, पदर कपाळापर्यंत ओढायची, तोंड त्याच्या उजव्या कानाशी न्यायची आणि त्याचा डावा कान तळहातानं घट्ट झाकायची. या कानात सांगितलेलं त्या कानातून बाहेर पडू नये म्हणून.

लहानपणी ती काय सांगते ते ऐकायला मी एकदा नंदीच्या पोटाशी दबा धरून बसले होते. आईला दिसले आणि देवळातच पाठीत धपाटा बसला.

"कोनाचा नवस आयकत नसतात," ती म्हणाली. "आयकला तं वाया जाते."

"मंग नंदी कसा आयकते?"

"त्याले तोंड हाय, पन तो बोलत नाई. तुयं तसं हाय का?"

माझं तसं नव्हतं, आजही नाही. मनात आलं की बोलून मोकळी होणाऱ्यांतली मी. म्हणूनच जे पुढं झालं ते मला इतकं लागलं असावं.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या कोपराखाली एक पांढरा ठिपका दिसला. आधी तुरीच्या डाळीएवढा होता, पाऊस लागेपर्यंत रुपयाएवढा झाला. वाशिमच्या डॉक्टरांनी हात उजेडात धरून पाहिला. हे कोड आहे, म्हणाले, दुखत नाही, कुणाला लागत नाही, औषध घ्या आणि धीर धरा. लागत नाही हे आईनं ऐकलंच नाही. तिच्या कानात एकच शब्द शिरला. आमच्याकडे तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. 'तिले तसलं हाय' एवढंच म्हणतात आणि त्या घरी स्थळं यायची थांबतात.

परतीच्या जीपमधून आई शेलूबाजारला उतरल्यावर कापडाच्या दुकानात शिरली आणि लांब बाह्यांच्या ड्रेसची कापडं घेतली. तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. पुढच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली, मनगटापर्यंत बाह्या घालून मी वर्गात उभी राहायची. मुली विचारायच्या, मॅडम, गरम होत नाही का? मी म्हणायची, तुमचा निबंध वाचला की अंगावर काटा येतो, थंडीच वाजते. त्या हसायच्या आणि विषय निघून जायचा.

डाग तीनच माणसांना माहीत होता. मला, आईला आणि बाबांना. त्यावरून घरात एकदाच, पण चांगलं कडाक्याचं भांडण झालं. आईचं म्हणणं, पोराला आधी हो म्हणू दे, साखरपुडा होऊ दे, मग सांगू. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. मी म्हटलं, मूठ झाकून संसार करता येत नाही. जो कोण पाहायला येईल त्याला पहिल्याच भेटीत, त्यानं काही ठरवायच्या आधी, मीच सांगणार. माझ्या तोंडानं, बाही वर करून. मग त्याला काय करायचं ते त्यानं करावं. बाबा शेवटी म्हणाले, "तिचं आंग हाय, तिले सांगू दे." आईनं मान हलवली. तेवढा एक हक्क मी भांडून मिळवला होता, आणि खरं सांगायचं तर तो मिळाल्यापासून डागाची भीती अर्धी झाली होती.

त्या उन्हाळ्यानंतरच्या श्रावणात आईचे गुडघे गेले. सोमवारी टेकडीची पहिली पायरी चढली आणि तिथंच खाली बसली. घरी येऊन दिवसभर रडली, पाय दुखतात म्हणून नाही, नंदी राहिला म्हणून. शिरपूरच्या मावशीला हे फोनवर कळलं तर तिनं लगेच मोबाइलवर एक लिंक पाठवली. माझ्या लॅपटॉपवर टाकायचं, घरबसल्या दर्शन होतं, एक पैसा लागत नाही. फुकट ते पौष्टिक, हा आमच्या मावशीचा जन्माचा मंत्र.

ते ब्राउझरचं एक एक्स्टेन्शन होतं. ते टाकलं की नवं पान उघडताना दर वेळी देव दिसायचा. घंटा वाजायची, वर आजची तिथी, बाजूला सुविचार. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, शुक्रवारी देवी. टाकताना त्यानं परवानगी मागितली: तुम्ही भेट देता त्या सर्व संकेतस्थळांवरची तुमची सगळी माहिती वाचणे आणि बदलणे. मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "देवाले सगयं दिसतेच की. त्याच्यापासून कायले लपवतं?" मी परवानगी दिली. मग त्यानं नाव, गाव, मोबाइल नंबर विचारला, घरपोच प्रसादासाठी. आईनं बाबांचा नंबर सांगितला.

देवाच्या पायाशी एक रिकामी चौकट होती. त्यावर लिहिलं होतं, 'आपली इच्छा इथे लिहा, देवापर्यंत पोहोचेल.'

माझ्या सातवी शिकलेल्या आईनं त्या चौकटीसाठी टायपिंग शिकून घेतलं. सकाळी अंघोळ झाली की लॅपटॉपला हळद-कुंकू वाहायची (पुसायचं काम माझं), पाट घेऊन समोर बसायची, पदर पुढं ओढायची आणि उजव्या हाताच्या एका बोटानं अक्षर शोधत शोधत लिहायची. मी जवळून गेले तर झाकण अर्धं मिटवायची. आणि डावा तळहात? तो लॅपटॉपच्या डाव्या बाजूवर घट्ट ठेवलेला असायचा, जिथं पेनड्राइव्हची भोकं असतात तिथं. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि कामरगावकडचं एक स्थळ आलं. मुलाचं शेतीच्या अवजारांचं दुकान, घरची थोडी जमीन, माणसं बरी. येत्या रविवारी पाहायला येतो असा निरोप आला. त्याच आठवड्यात मी लॅपटॉपवर प्रश्नपत्रिका तयार करत होते. एक शब्द शोधायला पान उघडलं तर उजव्या बाजूला जाहिरात. एका बाईचा डाग असलेला हात, शेजारी तोच हात बिनडागाचा. खाली लिहिलेलं, 'पांढरे डाग? आता लाजू नका.' दुसरं पान उघडलं, तिथंही तेच. सोयाबीनचे भाव पाहायला गेले, तिथंही तेच.

आई मागून आली. तिला वाचता येतं हे त्या क्षणी मी विसरले होते. ती वाकून पाहत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"पाह्य वं," ती म्हणाली, "आयकलं त्यानं. मी म्हनत होती ना, आयकीन म्हनून."

तिनं स्क्रीनला हात लावून तो कपाळाला लावला. औषध लगेच मागव, म्हणाली, देवानं धाडलं आहे. मला मात्र ती जाहिरात खटकली. कारण या लॅपटॉपवर मी डागाबद्दल कधीच काही शोधलं नव्हतं. एक शब्द लिहिला नव्हता. कॉलेजातही मी तोच नेते, कुणाची नजर पडेल म्हणून मी जपत होते.

"आई, तू त्या चौकटीत काय लिहितं?"

"नवस सांगत नसतात."

"माझ्या हाताचं लिहिलं का?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मी त्या एक्स्टेन्शनच्या अटी शोधून वाचल्या. इंग्रजीत होत्या, बारीक अक्षरांत, पण आडपडदा नव्हता. तुम्ही लिहिलेला मजकूर आणि तुमचा संपर्क आम्ही आमच्या सहयोगींना देऊ शकतो, असं सरळ म्हटलं होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण मी वर्गात कितीतरी वेळा शिकवली होती. दळणारी माझी आई असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी ते काढून टाकायला निघाले तर आईनं माझा हात धरला. "रईवारी पाहुने येऊन राह्यले अन् तू आज देव काढतं?" मी थांबले. तसंही, तेव्हा काढून फरक पडला नसता. तिथं लिहिलेलं कधीच निघून गेलं होतं, दळलेलं पीठ जात्यात परत घालता येत नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. पोहे झाले, चहा झाला. शिक्षण, पगार, स्वयंपाक, शेतीची आवड, सगळं विचारून झालं. मुलगा शांत होता, दोनदा माझ्याकडे पाहून हसला. मी आतून तयार होते. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं: एक गोष्ट आधी सांगायची आहे, ऐका आणि मग ठरवा. आजकाल आमच्याकडेही पोरापोरीला थोडा वेळ बोलू देतात. मुलाचे वडील तसं म्हणाले सुद्धा, "जा बाप्पा, मागच्या आंगनात बसा जराशे." मी उठले. बाहीची गुंडी सैल करून ठेवलेलीच होती.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला.

मळणीच्या थ्रेशरवर उभं राहून राहून बाबांच्या कानाची पार वाट लागली आहे. ते फोन नेहमी स्पीकरवर घेतात, आमच्या गल्लीला त्यांच्या तुरीचा भाव त्यांच्याआधी कळतो. त्यांनी फोन उचलला, गुडघ्यावर ठेवला. पलीकडून एका मुलीचा गोड, शहरी आवाज आला.

"नमस्कार काका. तुमच्या मुलीच्या अंगावरच्या पांढऱ्या डागांसाठी तुम्ही प्रार्थना केली होती ना?"

बाबांना ऐकू आलं नाही. "काय म्हनता?" ते ओरडले. "जोरानं बोला!"

आणि ती जोरानं बोलली. आधीपेक्षा स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून. तुमच्या मुलीला कोड आहे ना काका, आमच्याकडे त्यावर खात्रीचा उपाय आहे. मी पुढं होऊन फोन बंद करेपर्यंत ती सवलतीपर्यंत पोचली होती.

आत्यानं हातातली बशी खाली ठेवली. "हे खरं हाय का?" तिनं आईला विचारलं. आई भिंतीला टेकून उभी होती.

"खरं आहे," मी म्हटलं. बाही वर केली, हात पुढं धरला. "मी आता अंगणात हेच सांगणार होते."

"सांगनारच होती म्हने," आत्या म्हणाली. तिरकसपणे नाही, नुसतीच थकल्यासारखी. अशी वाक्यं तिनं आयुष्यात बरीच ऐकली असावीत.

मी परत सांगितलं, खरंच सांगणार होते. आणि बोलता बोलताच मला कळलं की हे वाक्य आता कुणालाच खरं वाटणार नाही. एका फोनच्या आधी ते खरं होतं, धाडसाचं होतं. फोननंतर ते पकडल्या गेलेल्या माणसाचं वाक्य झालं. शब्द तेच, बाई तीच. मुलगा माझ्या हाताकडे पाहत नव्हता, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता, आणि त्या नजरेत डागाची किळस नव्हती. ती असती तर परवडली असती. त्याला मी खोटी वाटत होते. दारात चपला घालताना तो हळूच म्हणाला, "आधी सांगतलं असतं तं बरं झालं असतं." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

कळवतो म्हणून गेले. कळवलं नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं.

स्थळ गेलं याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही, वाटलंच. मुलगा बरा होता. पण मी रडले ते त्याच्यासाठी नाही. माझं एक वाक्य होतं, भांडून मिळवलेलं, महिनोन् महिने मनात घोळवलेलं. ते कुणीतरी माझ्याआधी, फोनवरून, औषध विकायला म्हणून बोलून टाकलं. डाग लपवायचा होता असं नव्हतंच. तो कुणाला, केव्हा, कसा दाखवायचा एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेच गेलं.

आई दुसऱ्या दिवशी उठली, अंघोळ केली, पण पाट घेतला नाही. चुलीपाशी बसून राहिली. मग म्हणाली, "मी त्याच्याच कानात सांगतलं होतं. अजून कोनाजोळ नाई बोलली. मंग त्यानं काहून सांगतलं?"

तिचा राग महादेवावर होता. मला ते सहन झालं नाही. मी तिच्याजवळ बसले आणि समजावून सांगितलं. तिथं महादेव नव्हता, आई. नुसता त्याचा फोटो होता. फोटोमागं एक दुकान होतं, आपण काय लिहितो ते तिथं कुणीतरी जमा करत होतं आणि विकत होतं. देवानं काही सांगितलं नाही.

ती चुलीतली राख काडीनं सारखी करत राहिली.

"मंग इतके दिवस मी कोनाले सांगत होती?"

श्रावणापासून रोज सकाळी तिनं तिथं काय काय लिहिलं असेल? माझा हात ही त्यातली एक गोष्ट. तिची, बाबांची, तिच्या माहेरची, तरुणपणाची, आणखी कितीतरी. हे तिच्याही त्याच वेळी ध्यानात आलं असावं, कारण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि तिनं पदर तोंडावर ओढला.

दुपारी ती स्वतःच म्हणाली, "काढ ते. पन तसंच नोको काढू. फोटो असला तरी रूप त्याचंच हाय." तिनं लॅपटॉपवर अक्षता टाकल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, गणपती बोळवताना करतात तसा तो जागच्या जागी थोडा सरकवला. मग मान वळवून मला म्हणाली, दाब. बैल गेला आणि झोपा केला अशातली गत, पण मी दाबलं. देव गेला. आणि त्याच क्षणी एक नवं पान उघडलं. 'तुम्ही गेल्याचं आम्हाला दुःख आहे. का जात आहात, इथे लिहा.' खाली एक रिकामी चौकट.

आईनं ती वाचली. झटकन पुढं होऊन लॅपटॉपचं झाकण मिटवलं.

"याले आता काईच सांगू नोको," ती म्हणाली.

त्यानंतर मी लांब बाह्या सोडल्या. धाडस म्हणून नाही, आता झाकायला काही उरलंच नव्हतं म्हणून. वर्गात मुलींनी पाहिलं. एकीनं विचारलं, मी सांगितलं. त्या मान हलवून पुन्हा वहीत लिहू लागल्या.

हरभरा काढणीला आला तेव्हा एका सोमवारी आई म्हणाली, टेकडीवर चाल. मी म्हटलं, गुडघे? म्हणाली, बसत बसत जाऊ. आणि गेलो. ती एक हात माझ्या खांद्यावर आणि एक गुडघ्यावर ठेवून चढली, मधेमधे पायरीवर बसली, शिव्या दिल्या, त्या महादेवाला की पायऱ्यांना ते कळलं नाही. वर कुणी नव्हतं. ती नंदीपाशी बसली. पदर पुढं ओढला, तोंड त्याच्या कानाशी नेलं, डाव्या कानावर तळवा ठेवला.

मी सवयीनं तोंड फिरवून दूर उभी राहिले. पण कुजबुज ऐकू येईना. वळून पाहिलं तर तिनं तोंड कानापासून मागं घेतलं होतं. ती वाकून नंदीच्या पलीकडे पाहत होती, मग खांबामागं, मग दाराकडे. पुन्हा तोंड कानाशी नेलं. पुन्हा मागं घेतलं. शेवटी तिनं तळवा काढला आणि नंदीच्या पाठीवरून हात फिरवला.

"काय झालं?"

"काई नाई. बोलवत नाई आता."

उतरताना अर्ध्या वाटेवर ती पायरीवर बसली. खाली शेतात हरभरा उपटणं चाललं होतं. ती तिकडं पाहत होती. मग म्हणाली, "इकडं सरक." मी सरकले. तिनं माझी मान आपल्याकडे ओढली, तोंड माझ्या उजव्या कानाशी आणलं आणि माझा डावा कान तळहातानं घट्ट झाकला.

तिनं जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही.